तात्पुरता आवाज

२४ नोव्हेंबर २०२४, लातूर

नरडं काढणार म्हणे! डॉक्टर "स्वरयंत्र" म्हणाले. शिकलेल्या माणसाच्या तोंडून रोगसुद्धा कसा नटूनथटून येतो. "काका, गाठ स्वरयंत्रातच आहे. ते पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल." इतकं सोपं करून सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? हाव म्हणालो.

तंबाखूला मी जन्मात शिवलो नाही. फक्त विड्या ओढल्या. हे सांगितलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

एस.टी.त कंट्रोलर होतो. नांदेडच्या स्टँडवर निम्मी नोकरी माईकपुढं गेली— "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!" एकाही प्रवाशानं कधी लक्ष दिलं नाही. मी घसा फोडून सांगायचो आणि शेवटचा शब्द संपता संपता खिडकीत एक डोकं यायचं, "साहेब, लोह्याची गाडी कवा हाय?" अशा लोकांसाठी नरडं झिजवलं.

बायको, सरजा, बाहेर बाकावर बसलेली.

"काय म्हणले डॉक्टर?"

"ह्यांना कायमचं गप करतो म्हणले."

"बरंच झालं की!" म्हणाली. मग ऑटो लेकीच्या, लुंबिनीच्या दारात येईपर्यंत पदराचं टोक तेवढं चावून चावून ओलं केलं.

२६ नोव्हेंबर

लेकीनं तोडगा काढलाय. लुंबिनी इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. जगातलं कुठलंही दुखणं कॉम्प्युटरनं बरं होतं अशी तिची समजूत आहे.

"बाबा, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज भरून ठेवू. त्यावरून मी एक प्रोग्राम तयार करते. नंतर तुम्ही मोबाइलवर लिहायचं, मोबाइल तुमच्या आवाजात बोलेल."

म्हणालो, कशाला एवढा उपद्व्याप? एक पाटी घेऊ, पेन्सिल घेऊ. पहिलीत बसल्यासारखं वाटेल.

"आणि आई?"

सरजाला वाचता येत नाही. वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता तेव्हा हिनं काय केलं— मास्तरांना चहा करून दिला! आता मी पाटीवर लिहीन "पाणी दे", आणि ही म्हणेल, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

तर ठरलं. आवाज भरायचा.

२७ नोव्हेंबर

यंत्राची ओळख करून दिली. डबा एकच, पण आत दोन बिऱ्हाडं. एक विंडोज, दुसरं लिनक्स. चालू केलं की काळ्या पडद्यावर विचारतं— आज कोण होऊ? आपण काही बोललो नाही तर थोडा वेळ वाट बघतं आणि मग स्वतःच्या मनानं करतं. सरजाची आठवण झाली.

माईक विंडोजमध्येच चालतो, म्हणून मी तिथं बसून बोलायचं. आवाज घडवायचा प्रोग्राम लिनक्समध्येच चालतो, म्हणून लुंबिनी नंतर तिथं काम करणार.

"मग एकच का ठेवत नाहीस?"

"दोघांची कामं वेगळी आहेत, बाबा. मधे एक सामाईक जागा आहे, ती दोघांनाही दिसते. तिथं मी 'आवाज' नावाचं फोल्डर केलंय. बोलून झालं की त्यात सेव्ह करायचं. फक्त त्यात. समजलं?"

समजलं म्हणालो. नोकरीतली सगळी परिपत्रकं मी अशीच समजून घेतली.

२८ नोव्हेंबर

वाचायला वाक्यांचा गठ्ठा दिलाय. "झाडावर पोपट बसला आहे." "मला दुधाची साय आवडते." "ढगांमागून चंद्र हळूच डोकावला."

मी सरजाला कधी म्हणणार आहे, की चंद्र हळूच डोकावला? लुंबिनी म्हणते, भाषेतले सगळे उच्चार यायला पाहिजेत. म्हणालो, मग शिव्या घाल, त्यात सगळे येतात.

शांतपणे, एका लयीत, स्पष्ट वाचायचं. मधे कुणी बोलायचं नाही. पोपट झाडावर बसतो न बसतो तोच सरजा दारात— "चहा टाकू का?" पुन्हा पहिल्यापासून. "साखर घालू का?" पुन्हा पहिल्यापासून. पोपट बिचारा दिवसभर उठबस करत होता.

सेव्ह करायला गेलो तर "आवाज" काही दिसेना. सामाईक जागेत नुसती इंग्रजी नावांची रांग. त्यातलं एक त्यातल्या त्यात सोपं वाटलं— टेम्प. उघडलं. मोकळं, झाडल्यापुसल्यासारखं. तिथं ठेवलं. सामाईक म्हणजे सामाईक.

२९ नोव्हेंबर

बंद करायचं बटण सापडत नव्हतं. भिंतीवरचा खटका दाबला. लुंबिनीचा नवरा प्रेम नेमका आत आला. "मामा, असं नका करू. आतलं काम अर्धवट राहतं." भला माणूस आहे. सासऱ्याला शिकवायची संधी मिळाली की चेहरा उजळतो त्याचा.

३० नोव्हेंबर

खरंच राहतं! रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला की आधी विचारतो— मागची अर्धवट कामं सापडली आहेत. परत आणू, टाकून देऊ, की आत्ता राहू देऊ? "राहू दे" दाबलं. नोकरीतल्या माणसाला अर्धवट कामांबद्दल आणखी काय विचारता?

खटक्यानंच बंद करतोय. सोपं पडतं.

२ डिसेंबर

"डिस्कवर जागा शिल्लक नाही!" लाल फुली. मी तर नुसता बोलतोय. माझ्या बोलण्यानं यंत्राचंही पोट फुगलं.

लुंबिनी कॉलेजातून आली तशी खुर्चीत बसली. "बाबा, ह्या टेम्प फायली. तात्पुरत्या. प्रोग्राम काम करताना कच्चा माल काढून ठेवतो आणि नंतर उचलायला विसरतो. तोच साचून राहतो."

लग्नाचा मांडव काढून नेतात आणि खड्डे तसेच ठेवतात, तसं. कळलं.

सरजा आतून— "टेम्पो? कुणाचा टेम्पो आला?"

"टेम्पो न्हाई गं आई, टेम्प!"

"मग दारात लावू नका म्हणावं. शेजारच्या नागम्माची गाडी असते तिथं."

लुंबिनीनं थोडी साफसफाई केली. म्हणाली, विंडोजचा टेम्प वेगळा, तो आत लपलेला असतो. त्यातलं बाकीचं सवडीनं बघते. सामाईक जागेतला लिनक्सचा. तो आपला आपण साफ होतो. तुम्ही कशालाच हात लावू नका. तुम्ही फक्त बोला.

"फक्त बोला" असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं. तेही आत्ता.

५ डिसेंबर

आज सरजाशी जुंपली. शेजारच्या नागम्माला हिनं सांगितलंय, की माझं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे.

"टॉन्सिल? ह्या वयात टॉन्सिल? मी काय बालवाडीत जातो?"

"मग काय सांगू? त्या रोगाचं नाव घेतलं की लोक कपाला हात लावत न्हाईत."

"न लावू देत! आपला चहा वाचतो."

"तुम्हाला चहाचं सुचून राहिलं. मला रात्रंदिवस..." आणि भाजी निवडायला बसली. मी मग तिच्या भाजी निवडण्यावर घसरलो. दुपार त्यात गेली.

नंतर बघतो तर माईक चालूच! सगळी जुगलबंदी भरली गेलेली. ऊर बडवावा की काय. खटका दाबला.

६ डिसेंबर

विहारात वंदनेला गेलो. त्रिसरण सगळ्यांबरोबर म्हटलं. शेवटाला आवाज फाटला. शेजारच्या अनोळखी माणसानं बाटली पुढं केली.

८ डिसेंबर

गठ्ठा संपला. पोपट, साय, चंद्र, सगळे भरले. शेवटचं वाक्य होतं— "आमच्या गावात सर्व लोक गुण्यागोविंदानं राहतात." तेही न हसता वाचलं.

लुंबिनीला परीक्षेची ड्युटी होती, म्हणून दहा दिवस तिनं लिनक्स उघडलंच नाही. उद्या बसते म्हणाली.

९ डिसेंबर

गेलं.

संध्याकाळी ती बसली. काळ्या पडद्यावर लिनक्स निवडलं. मी मागं उभा, निकाल बघायला आलेल्या बापासारखा.

"बाबा, 'आवाज' रिकामं आहे."

"टेम्पमध्ये ठेवलंय. ऐसपैस जागा होती."

तिनं वळून बघितलं नाही. मान तशीच. "बाबा, लिनक्स चालू होताना पहिलं काम करतं ते टेम्प झाडून काढायचं. मीच तसं लावून ठेवलंय. आत्ता... आत्ता मीच चालू केलं ना."

परत आणता येत नाही का? विचारलं. "ह्या डिस्कवर न्हाई येत. पुसलं की पुसलं." तरी बसली खटपट करत. प्रेमनं कुणाकुणाला फोन लावले. सगळ्यांनी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

उद्या भरती व्हायचंय. म्हटलं, आण तो गठ्ठा, बसतो पुन्हा. पहिलंच वाक्य घेतलं. "झाडावर पो..." आणि पोपटाच्या पुढं नुसती हवा. डॉक्टरांनी तसंही जास्त बोलायला मनाई केलीय.

चूक कुणाची यावर थोडी ओढाताण झाली. लुंबिनी म्हणे माझी, मी म्हणे माझी. सरजा म्हणाली, टेम्पोची.

पोरगी मोरीत जाऊन रडली. नळ सोडला की ऐकू येत नाही अशी तिची लहानपणापासूनची समजूत आहे.

१० डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. पिशव्या भरून झालेल्या. निघायला अवकाश होता. लुंबिनीनं विंडोज उघडलं, माईकचं सामान आवरायला. तो रेकॉर्डिंगचा प्रोग्राम नेहमीसारखा आडवा आला— मागची अर्धवट कामं सापडली आहेत.

"बाबा, हे काय?"

"रोजचंच आहे ते. 'राहू दे' दाब."

"किती दिवसांपासून दाबताय?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं "राहू दे" दाबलं नाही. "परत आण" दाबलं. थोडा वेळ काही नाही. आणि मग डब्यातून माझाच आवाज खेकसला— "टॉन्सिल? ह्या वयात टॉन्सिल?"

सरजाच्या हातातली पिशवी खाली!

सगळं होतं. वाचन सेव्ह केल्यावरही खटका दाबेपर्यंत माईक चालूच राहायचा; तेव्हाचं जेवढं म्हणून अर्धवट सोडलं, ते सगळं विंडोजनं आपल्या लपलेल्या टेम्पमध्ये साठवून ठेवलेलं. त्यानंच तर जागा भरली होती. सरजाशी झालेली भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, पेपर वाचताना पुढाऱ्यांना घातलेल्या शिव्या, जावयाच्या गाडी लावण्यावर केलेली टीका— (प्रेम शेजारीच उभा. मी छताकडं बघितलं.)

लुंबिनी हसत होती आणि नाक ओढत होती. "बाबा, ह्यात एक वाक्य धड न्हाई. पण लई आहे! एवढ्यात होईल काम."

सरजा पिशवी उचलत म्हणाली, "हे तुमचं बोलणं हाय. ते पोपटाचं वाचत होता तवा मला वाटायचं, घरात दुसराच कुणी आलाय."

निघायच्या आधी लुंबिनीनं सगळ्याच्या प्रती केल्या. एक घरी, एक कॉलेजात, एक पर्समध्ये. टेम्पवरचा तिचा विश्वास उडालाय.

१६ डिसेंबर

हात चालतोय.

शेवटचं काय बोलावं याचा मी लई विचार केला होता. लुंबिनीला काहीतरी, सरजाला काहीतरी. जुळवूनही ठेवलं होतं. आणि स्ट्रेचरवर घेताना वॉर्डबॉयला म्हणालो, "अरे, चप्पल राहिली खाली."

तेच शेवटचं. जन्मभर अख्ख्या नांदेडला गाड्या सांगितल्या आणि शेवट चपलेवर झाला.

१९ डिसेंबर

मानेला भोक आहे. श्वास तिथूनच. जेवण नाकातून. देवानं दिलेल्या वाटा सोडून सगळी वाहतूक पर्यायी मार्गानं वळवली आहे.

२१ डिसेंबर

नर्सनं पाटी दिली. मी लिहिलं, "थंडी वाजते." सरजानं पाटी हातात घेतली, बराच वेळ बघितली, मान डोलावली आणि लघवीचं भांडं आणून दिलं.

हसायला आलं. हसण्यालाही आवाज नाही. नुसता पोटाला झटका. तिला वाटलं मला उचकी लागली. नर्सला बोलावलं.

९ जानेवारी २०२५

घरी आहे, लुंबिनीकडंच. पोरीनं आवाज तयार केला! मोबाइल हातात दिला. सगळे गोळा झाले. पहिलं वाक्य काय लिहावं? "पाणी दे" लिहिलं.

मोबाइल म्हणाला, "पाणी दे." पण असा म्हणाला, जणू आठवडाभर हिनं मला कोंडून ठेवलंय. आवाज माझाच, घोगरा, खरखरीत, अंगावर काटा आणणारा. आणि वैतागलेला!

"बाबा, त्यानं जे ऐकलं तेच ते शिकलं," लुंबिनी म्हणाली. "तुम्ही त्यात एकदाही प्रेमानं बोलला न्हाईत."

आता काहीही लिहिलं तरी तक्रारच बाहेर येते. आज तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांसाठी लिहिलं, "तुमचे फार उपकार आहेत." मोबाइलनं म्हटलं. डॉक्टर दचकले. म्हणाले, "काही गैरसोय झाली का, काका?"

१८ जानेवारी

देगलूरकडचा संगप्पा आला भेटायला. माझ्या वेळचा ड्रायव्हर, आता रिटायर. "जयभीम साहेब!" म्हणाला आणि पंख्याकडं बघत उभा राहिला. थंडीत.

मी लिहिलं, मोबाइल बोलला— "बस की. उभा का?" संगप्पा गप्पकन बसला. नोकरीत बसायचा तसा.

मग हळूच म्हणाला, "साहेब, एकदा स्टँडवरचं म्हणून दाखवता?"

लिहिलं. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." संगप्पानं ऐकलं. रुमाल काढला, नाक शिंकरलं. "टायमात हाय का साहेब गाडी?"

मी लिहिलं— "तू चालवत असशील तर कशी असेल?"

लई हसला. मोबाइलचा सूरही नेमका बसला तिथं. वैतागाची गरज होती.

२ फेब्रुवारी

रेडिएशनचे शेक चालू आहेत. प्रेम रोज गाडीवर नेतो, आणतो. त्याच्या गाडी लावण्यावर आता काही बोलत नाही. लिहिण्याचा कंटाळा.

सरजा लई बदलली. मोबाइल बोलायला लागला की पदर सारखा करते, जसा कुणी मोठा साहेब आलाय. जे म्हणेल त्याला "हाव." भाजीत मीठ जास्त— हाव. खिडकी उघडी राहिली— हाव. संसारात पहिल्यांदा एवढी आज्ञाधारक बायको मिळाली. त्यासाठी फक्त नरडं द्यावं लागलं. आधी माहीत असतं तर!

परवा एका गोष्टीवर मला राग आला. लिहायला घेतलं. जोडाक्षर सापडेना. शोधून, लिहून, बटण दाबेपर्यंत ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. मोबाइल रिकाम्या खाटेवर खेकसला.

भांडायला वेग लागतो. हे कुणी सांगितलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

पुन्हा जागा शिल्लक नाही! लुंबिनी म्हणाली, "बाबा, ती जुनी कच्ची रेकॉर्डिंगं काढू का आता? आवाज तर तयार झाला. उगीच जागा अडवून बसलीत."

मी लिहिलं, "उडव."

सरजा लाटणं घेऊनच बाहेर आली. "कशाला उडवायचं? तुम्हाला काय खायला मागून राहिलंय का ते?"

एवढंच बोलली आणि आत गेली. मी उत्तर लिहीपर्यंत पोळी करपल्याचा वास आला. मग राहिलं.

रेकॉर्डिंगं राहिली. लुंबिनीनं स्वतःचे फोटो काढून टाकले.

२० फेब्रुवारी

शेक आज लवकर आटपला. प्रेमनं दारात सोडलं आणि बँकेत गेला. चपला काढताना ऐकलं— आत कुणीतरी भांडतंय.

मीच!

"माझा चष्मा कुठं ठेवलास? सतरांदा सांगितलं, माझ्या वस्तू हलवायच्या नाहीत."

"तुमच्याच कपाळावर असंल, बघा की!" ही सरजा.

"तुला काही सांगून उपयोग नाही."

"मग सांगू नका! लग्न झाल्यापासून हेच ऐकून राहिले मी."

आत डोकावलो. कॉम्प्युटर चालू. बिऱ्हाड विंडोजचं. कुठलं चित्र दाबायचं ते पोरीनं शिकवलं असणार. सरजा समोर खुर्ची टाकून बसलेली. पदर घसरलेला, हातवारे चाललेत, आवाज चढलेला, तोंड लालबुंद. भरलेलं तिचं बोलणं माईकपासून लांबचं, पुसट; माझं बोलणं कुठं थांबतं ते पाठ झाल्यासारखी नेमक्या जागी उत्तर देत होती. किती दिवसांनी बघितलं तिला असं!

मी दारात उभा राहिलो. मोबाइल काढला, काहीतरी लिहायला म्हणून. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. दचकली नाही. बंदही केलं नाही. हात वर करून मला म्हणाली—

"थांबा जरा. ह्यांचं होऊ द्या आधी."